माझ्या टाकीतलं मेलेलं

बिदरला समुद्र नाही, हे मला सांगायला लोक मुद्दाम घरी येतात. चहा पितात, समोरच्या खोलीतल्या काचेच्या टाकीकडे बघतात आणि मला हे ठाऊकच नसावं अशा आवाजात सांगतात, की मॅडम, समुद्र तिकडे लांब, आपल्याकडे प्यायच्या पाण्याची बोंब. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. नकाशा मला वाचता येतो. आमच्या मैलूर भागात उन्हाळ्यात टँकर किती वाजता येतो तेही मला पाठ आहे, कारण त्याच्यामागे बादली घेऊन मीही पळाले आहे. तरी माझ्या घरात खाऱ्या पाण्याची टाकी आहे. मागच्या उन्हाळ्यात ती घरातून जायच्या बेताला आली होती. ती जाऊ नये म्हणून मी कुणाकुणाशी भांडले ते इथं सांगायचं आहे. त्यात माझी मायही आली.

समुद्राचं वेड मला कुठून लागलं ते आधी सांगते. मी कलबुर्गीला एम.एस्सी. करत होते तेव्हा वर्गाची सहल समुद्रावर जाणार होती. जागा कमी होत्या. यादी करणाऱ्यानं माझं नाव वाचलं, मान वर केली आणि म्हणाला, तू खेड्यातली, शिकवलंस तरी इकडंच शिकवशील, तुला समुद्र काय करायचाय? वर्ग हसला. ते सगळे गेले आणि मी प्रयोगशाळेत बसून बरणीतल्या प्रवाळाची चित्रं काढली. बरणीतलं प्रवाळ पांढरंफटक असतं, औषधात बुडवून ठेवलेलं, त्यात जीव कधी होता असं वाटतही नाही. तेव्हा गप्प बसले त्याचा राग अजून गेलेला नाही, आणि जावा असंही मला वाटत नाही. नोकरी लागून बूड टेकल्यावर मी पहिली मोठी वस्तू आणली ती ही टाकी. पलंग नंतर आणला.

टाकी म्हणजे फार मोठी नव्हे, दोन माणसांनी उचलावी एवढी. मीठ पाकिटातून येतं, आपलं खायचं मीठ चालत नाही. पाणी मशीनमधून गाळलेलं लागतं, कारण आमच्या बोअरच्या पाण्यानं भांड्यावरसुद्धा पांढरे थर चढतात. प्रवाळाचे तुकडे हैदराबादच्या एका दुकानदाराकडून आणलेले. समुद्रातून तोडलेले नव्हेत, त्याच्याच टाकीत वाढवलेले, आणि पाळायला कायद्यानं बंदी नाही अशाच मऊ जातीचे. एक बोटं पसरल्यासारखा डुलणारा, एक अळंबीसारखा, आणि एका दगडावर बटणांसारखी हिरवी तोंडं. ती तोंडं सकाळी दिवा लावला की हळूहळू उघडायची. त्यांच्यात दोन नारिंगी मासे, एक निळा मासा, एक कोळंबी आणि सात गोगलगायी. कॉलेजातली मुलं घरी येऊन तासन्‌तास बघत बसायची. त्यांना मी बरणी कधी दाखवली नाही.

आणि घरात माय. ठाणाकुशनूरच्या पुढं आमचं गाव आहे, त्याचं नाव मी इथं लिहीत नाही. माय जन्मायच्या आधी त्या गावात आमच्या लोकांनी विहिरीला हात लावायचा नाही. घागर खाली ठेवून लांब उभं राहायचं. कुणाला दया आली तर तो वरून पाणी ओतायचा, प्यायचं असेल तर ओंजळ धरायची. आमच्या लोकांनी धम्म घेतला तेव्हा माझ्या आज्यानं, म्हणजे मायच्या बापानं, मेलेलं ढोर ओढणं बंद केलं. गावात बैल मेला, बोलावणं आलं, आणि तो दारात उभा राहून नाही म्हणाला. त्यापायी ते वरून ओतलं जाणारं पाणीही बंद झालं. माय तेव्हा जन्मलीही नव्हती, पण ती हे असं सांगते की जणू दाराआडून बघत होती. पुढं ती वयात आली, रोजानं राबली, मला शिकवलं, आणि स्वतःसाठी आयुष्यात एकच वस्तू हौसेनं घेतली. उदगीरच्या बाजारातून एक तांब्याची घागर.

ती घागर आमच्याकडे स्वयंपाकघरात नसते. समोरच्या खोलीत, भिंतीवरच्या फोटोखाली, तिवईवर असते. माय रोज सकाळी चिंच आणि मीठ लावून ती आरशासारखी घासते, मग भरते. आलेल्या माणसाला पहिलं पाणी त्या घागरीतलं. पोस्टमन असो की प्राचार्य. ज्याला ते पाणी दिलं त्याला मायनं मान दिला, एवढं साधं आहे. टाकी आणली तेव्हा ती घागरीच्या अगदी शेजारी ठेवावी लागली, खोलीत दुसरी जागाच नव्हती. मायनं दोन दिवस टाकीकडे पाठ करून बसून घेतलं. तिसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तर ती निळ्या माशाशी बोलत होती. म्हणाली, "ह्यो निळा आपलाच दिसायलाय."

मे महिन्यात मला पेपर तपासायला पाच दिवस कलबुर्गीला जावं लागलं. उन्हाळ्यात टाकीतलं पाणी भराभर उडतं. पाणी उडतं पण मीठ राहतं, म्हणून रोज साधं गाळलेलं पाणी घालून कमी भरून काढायची. मी काचेवर शाईनं रेघ मारली, पांढऱ्या कॅनमध्ये पाणी भरून ठेवलं आणि मायला सांगितलं, रोज सकाळी ह्यातलं पाणी रेघेपर्यंत घालायचं, चिमूटभर खाणं टाकायचं, बाकी काही करायचं नाही. ती म्हणाली, "जा की. पाच दिसांत मी त्येंला उपाशी मारायले का?" रोज दुपारी मी फोन करायचे. ती सांगायची, घातलं, रेघेला लावून घातलं. लाईट जाऊन आल्यावर टाकीचा दिवा बंद राहू नये म्हणून ती दुपारी आडवीसुद्धा झाली नाही, हे मला नंतर शेजारणीनं सांगितलं.

शनिवारी दुपारी मी परत आले. रिक्षातून उतरले तेव्हा फाटकातच वास आला. हा वास एकदा आला की कळतोच. सडलेली मासळी, सडलेली कोबी आणि तुंबलेलं गटार एकत्र केलं तरी तेवढा होत नाही. जिन्याच्या खालच्या पायरीवर घरमालक नाकाला रुमाल लावून उभे होते. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, वरच्या मजल्यावर राहतात, घरात कन्नड आणि आमच्याशी मराठी बोलतात. आम्हाला घर देताना त्यांनी तीनदा आडनाव विचारलं होतं, आणि तिसऱ्यांदा विचारून झाल्यावर दिलं होतं, हे मी विसरलेले नाही.

"एनु वासने इदु, मॅडम? कसला वास हा?" ते म्हणाले. "कालपासून सगळ्या जिन्यात यायलाय. तुमच्यात कायतरी शिजायलंय का?"

ह्या 'तुमच्यात'चा अर्थ मला कळतो आणि तो मला कळतो हे त्यांनाही कळतं. मी म्हणाले, "आमच्यात आज वरणभात आहे, अप्पा. हा वास समुद्राचा आहे." आणि आत गेले.

टाकीतलं पाणी दुधाळ झालं होतं. गोगलगायी वाळूवर उलट्या पडल्या होत्या. कोळंबी एका कोपऱ्यात पांढरी होऊन आडवी. बोटांसारखा प्रवाळ तर विरघळायलाच लागला होता, ताटात भिजून गेलेल्या भाकरीसारखा, त्याची सालपटं सुटून पाण्यात फिरत होती. वास मुख्यतः त्याचाच. लहान नारिंगी मासा गाळणीला चिकटून मेला होता. निळा मासा दगडामागे कुशीवर पडला होता आणि त्याचा रंग अजून तसाच होता. मोठी नारिंगी मादी मात्र पृष्ठभागाशी तोंड उघडत होती, मिटत होती. बटणांची तोंडं सगळी घट्ट बंद. मी पिशवी खांद्यावरून काढली नव्हती. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला, असं माझं नेहमीच होतं.

माय भिंतीला टेकून बसली होती. तिचे डोळे सुजलेले. म्हणाली, "परवापसून एकेक पडायले. तुला फोनवर कसं सांगू? तू पेपर तपासायलीस म्हणून मी बोललेच न्हाई."

मी बाह्या वर केल्या आणि पाण्यात हात घालणार तोच तिनं माझं मनगट धरलं. मायची पकड अजून खुरपं धरणारी आहे.

"हात लावू नको."

"अगं, मेलेलं लगेच काढावं लागतं. नाहीतर त्याच्या विषानं उरलेलंही मरेल. ती एक जिवंत आहे, बघ."

"मेल्यालं तू उचलायचं न्हाई. तुझ्या आज्यानं ढोर उचलणं सोडलं म्हणून आमच्या लोकाचं पाणी तोडलं गावानं. आन तू शिकून सवरून, विकत आणून, मेल्यालं उचलायलीस? कामून? सकाळी झाडूवाला येतो, त्येला सांगू."

माझ्या तोंडून शब्द सुटला तो मागे घेता आला नाही. "तो झाडूवाला कुणाचा गं, माय? तो उचलणार म्हणजे पुन्हा आपलंच कुणीतरी उचलणार ना?"

तिनं मनगट सोडलं. एवढ्यात घरमालक दारात आले. आत पाऊल टाकलं नाही, चौकटीतूनच टाकी बघितली आणि अगदी समजुतीच्या सुरात बोलले, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या बाई. तुम्ही कशाला असल्यात हात घालता? मी उद्या सकाळी माणूस पाठवतो. ते लोक करतात असलं काम. पूर्ण टाकी उचलून टाकून येईल. आणि पुन्हा आणायची नाही. ही टाकी राहायची असली तर तुम्ही दुसरं घर बघा."

बिदरमध्ये आम्ही दुसरं घर कसं बघतो ते त्यांना चांगलं माहीत होतं. मला याआधी आडनाव ऐकून मिटलेली चार दारं आठवली. पण त्या दिवशी मला भीती वाटली नाही. उलट वर्गातल्या त्या हसण्याचा आवाज कानात आला आणि ह्या वेळी मी गप्प बसले नाही.

"माणूस पाठवू नका, अप्पा," मी म्हणाले. "माझं मेलेलं मी उचलणार. माझ्या आज्यानं दुसऱ्याचं उचलायला नाही म्हटलं होतं, कारण त्याला कुणी विचारलं नव्हतं, हुकूम केला होता. मला कुणी हुकूम केलेला नाही. हे मी आणलं, मी पाळलं, मीच काढणार. टाकी इथंच राहणार."

"उद्या सकाळी," ते म्हणाले आणि वर गेले.

आधी जिवंताचं बघायला हवं होतं. ज्वारी ठेवायचा प्लास्टिकचा टब मी धुतला, कॅनमध्ये उरलेल्या पाण्यात मीठ कालवलं, खारेपणा मोजला, हवेचा पंप लावला आणि मोठी मादी जाळीनं त्यात हलवली. बटणांचा दगड हातमोजे घालून हलवला, कारण त्या बटणांत विष असतं, मरताना तर जास्तच. मायला मी त्याच्याजवळ येऊ दिलं नाही. मग खाली बसून हैदराबादच्या दुकानदाराला फोन लावला. हात ओले होते म्हणून फोन जमिनीवर ठेवला आणि आवाज मोठा केला.

मायनं सांगितलं त्या क्रमानं मी त्याला सगळं सांगितलं. आधी गोगलगायी, मग कोळंबी, मग प्रवाळ, शेवटी मासे. मला वाटत होतं गर्मीनं झालं असेल, लाईट गेली असेल.

"गर्मी में पहले मछली जाती मॅडम, घोंगा नहीं," तो म्हणाला. "घोंगा पहले गया बोले तो पानी में धातू गया. तांबा. तांबा गया क्या? सिक्का गिरा क्या? तांबे के बर्तन का पानी डाले क्या कोई? एक दिन का भी बस हो जाता."

"नाही हो," मी म्हणाले, "गाळलेलं पाणी कॅनमधून..."

आणि बोलता बोलता मी मान वळवली. माय घागरीकडे बघत होती. तांबा हा शब्द कळायला तिला कुणाची गरज नव्हती. तिचा चेहरा असा झाला होता की मी फोन बंद केला.

"म्या घातलं," ती म्हणाली.

रोज संध्याकाळी ती कॅनमधलं पाणी घागरीत ओतत होती. चिंचेनं लखलखीत घासलेल्या घागरीत ते गाळलेलं पाणी रात्रभर राहायचं, आणि सकाळी ती ते रेघेला लावून टाकीत घालायची. पाच दिवस. एक दिवसही चुकली नव्हती. प्राणिशास्त्राच्या पुस्तकातून मी शिकवते, की माणसाला सोसणारं तांबं गोगलगायीला आणि प्रवाळाला विष असतं, मासा थोडं सोसतो. मग मेलेल्या गोगलगायी सडतात आणि त्या सडण्यानं मासे जातात. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. आणि घरात, टाकीच्या शेजारी, तांब्याची घागर ठेवून मी गावाला गेले होते.

त्या वेळी हे मला सुचलं नाही. मी ओरडले. फार ओरडले. "तुला सांगितलं होतं ना, कॅनमधलं थेट घाल म्हणून? एवढी साधी गोष्ट! कशाला आपली अक्कल चालवलीस?" आईवर असं ओरडल्याची मला आजही लाज वाटते, आणि ती वाटावी म्हणूनच इथं लिहिते.

माय उठली नाही, रडली नाही. शांतपणे म्हणाली, "त्या प्लास्टिकमधलं पाणी, उन्हानं तापल्यालं, ते देऊ का त्येंला? दारी आल्याला माणूस घागरीतलं पितो. हे तर घरात राहणारे जीव. म्या म्हणलं, तू न्हाईस, तर निदान चांगलं पाणी तरी मिळू दे."

मी तिच्याशेजारी फतकल मारून बसले. तिनं त्यांना तिच्याकडचं सगळ्यात चांगलं पाणी दिलं होतं, ज्या पाण्यासाठी तिच्या बापाच्या पिढीनं घसा कोरडा ठेवला ते पाणी. मादी टबात गोल फिरत होती. मग माय उठली, पदर खोचला आणि टाकीपाशी गेली.

"बाजूला सर," ती म्हणाली.

"माय, नको. मी करते."

"माझ्या हातानं गेलेत. माझ्याच हातानं निघतील. मला कुणी सांगितलं न्हाई, कुणी बोलावलं न्हाई. आपलं हाय." आणि तिनं कोपरापर्यंत हात त्या दुधाळ पाण्यात घातला आणि निळा मासा बाहेर काढला. तळहातावर घेऊन बघितला. एवढासा होता तो, तिच्या करंगळीएवढा. मेलेल्या वस्तूला हात लावायचा नाही म्हणून जिनं उभा जन्म काढला, उंदीर मेला तरी जी चिमटा शोधायची, तिनं त्या माशाचं शेपूट बोटानं सरळ केलं.

मग आम्ही दोघींनी कामाला हात घातला. तिनं गोगलगायी वेचल्या, मी हातमोजे घालून विरघळलेला प्रवाळ कागदात गुंडाळला. दगडांत तांबं मुरतं, ते पुन्हा पाण्यात उतरतं, हे मी तिला सांगितलं. "दगडालाबी लागलं व्हय?" तिनं विचारलं, आणि मग दगडही सगळे काढले, वाळूही उपसली. टाकीतलं पाणी बादल्या भरभरून मोरीत ओतलं. काच लिंबू लावून घासली, दहा पाण्यांनी धुतली. मासे कुठं पुरायचे हा प्रश्न होता. अंगणातली जमीन घरमालकांची. पण दाराजवळ आमचा एक अर्धा कापलेला निळा ड्रम आहे, त्यात गावाकडून आणलेल्या मातीत मायनं लिंबाचं रोप लावलं आहे. मी खड्डा करायला गेले तर तिनं थांबवलं. म्हणाली, "आधी गोड पाण्यात धू. खारानं झाड जळंल." मासे धुवून मातीत ठेवले. प्रवाळ मात्र नाही, तो विषारी, तो मी पिशवीत बांधून वेगळा नेला. अंधार पडायच्या आत घरातला वास गेला होता. उदबत्तीसुद्धा लावावी लागली नाही.

रविवारी सकाळी घरमालक खाली आले. त्यांच्यामागे एक माणूस होता, पन्नाशीचा, हातात पोतं आणि दोरी. घरमालक दारात थांबले आणि नाक वर करून वास घेतला. मग पुन्हा घेतला. काही आलं नाही. समोरच्या खोलीत टाकी कोरडी, स्वच्छ, रिकामी उभी होती. तिच्याशेजारी टबात नारिंगी मादी खाणं शोधत होती. दगडावरची दोन बटणं अर्धवट उघडली होती. बाकीची बंदच होती, आणि ती पुढं कधी उघडली नाहीत.

"ही टाकी," घरमालक त्या माणसाला म्हणाले, "उचल."

माय पुढं झाली. ती बोलली तेव्हा तिचा आवाज मोठा नव्हता. "अप्पा, मेल्यालं आमी उचललंय काल. काय राहिलं न्हाई. आता घरात हाय ते जित्तं हाय, आन त्येला उचलायला माणूस लागत न्हाई. घर सोडायचं का न्हाई ते आपण महिनाअखेर बोलू. टाकी हितंच राहील."

घरमालक माझ्याकडे बघायला लागले, जणू मी मधे पडून काही समजूत घालेन. मी टबातल्या पंपाची नळी नीट करत राहिले. शेवटी ते "बघू" म्हणाले आणि जिना चढून गेले. तो 'बघू' अजून चालूच आहे. टाकीत नवे दगड, नवी वाळू आली. रोज सकाळी माय कॅनमधलं पाणी थेट रेघेपर्यंत घालते आणि घागर आता दुसऱ्या भिंतीला असते.

पण त्या सकाळचं अजून थोडं राहिलं आहे. घरमालक वर गेल्यावर तो माणूस पोतं घेऊन तसाच अंगणात उभा होता. रविवारची सकाळ त्याची फुकट गेली होती. तो जायला वळला तेव्हा मायनं त्याला हाक मारली, "अण्णा, पाणी पिऊन जा की."

तो आला. उंबऱ्याच्या बाहेर थांबला, पोतं खाली ठेवलं, जरा वाकला आणि दोन्ही हात एकत्र करून पुढं धरले. कुणी सांगितलं नव्हतं, सवयीनंच धरले.

मायनं घागरीतून काचेचा गिलास भरला होता. ती त्याच्या ओंजळीकडे बघत उभी राहिली. मग ती उंबरा ओलांडून बाहेर गेली.

"ओंजळ कामून धरायलास?" ती म्हणाली. "सोड ते. गिलास धर. आन आत येऊन बस, बसून पी."

तो आत आला. टाकीसमोरच्या खुर्चीवर, जिथं प्राचार्य आले की बसतात, तिथं बसला. पाणी प्याला, टबातल्या माशाकडे बघितलं आणि आणखी एक गिलास मागितला, आणि मायनं घागर वाकवली.